किती फूट, कधी, कुणी मोजलं?

जुलै उजाडला की कोल्हापुरात ‘काय, बरं हाय का?’च्या आधी ‘किती फूट?’ विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका. आठवीतल्या पोरांना सतराचा पाढा अडतो, हे दोन आकडे अडत नाहीत. मी मराठी आणि इतिहास शिकवते. मूल्यशिक्षणाचा तास शाळेत कुणालाच नको असतो, म्हणून तोही माझ्याकडं येतो. बरीच वर्षं मी तो बोधकथा सांगून काढला. मग एका पावसाळ्यात मी स्वतःच माती खाल्ली आणि त्यानंतर तास बदलला. कसा बदलला, कुठं जमलं, कुठं फसलं, ते लिहिते. तुमच्या वर्गाला मानवेल तेवढं उचला.

आधी माझी माती. रात्रीचे साडेनऊ, बाहेर धो धो पाऊस. पुणे-बंगळूर महामार्गावर शिरोलीजवळ पाणी आल्याचा, ट्रक अर्धे बुडाल्याचा फोटो मोबाइलवर आला. २०१९ ला आणि २०२१ ला तिथं खरंच पाणी आलं होतं, महामार्ग बंद पडला होता. त्यामुळं शंका घ्यायचं सुचलंच नाही. ‘काळजी घ्या’ असं वर लिहून मी तो पालकांच्या ग्रुपवर ढकलला. फोटो २०१९ चा होता. त्या रात्री रस्ता चालू होता. वर्गातल्या एका मुलीचे वडील पुण्याहून भाजीचा टेम्पो घेऊन येत होते. त्यांनी पेठ नाक्यावर फोटो बघितला, गाडी बाजूला घेतली आणि रात्रभर तिथंच थांबले. सकाळचा सौदा चुकला, निम्मा माल मातीमोल झाला. दुपारी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. “बाई, तुम्ही पाठवलासा म्हणून थांबलो. दुसऱ्या कुणी पाठवला असता तर आलो असतो की.”

तोपर्यंत मी फोटो ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करून मोकळी झाले होते. पण ज्यांनी बघितला त्यांनी बघितला होता, आणि चार जणांनी पुढं पाठवलाही होता. संध्याकाळी त्याच ग्रुपवर मी लिहिलं: “चूक माझी. काल रात्री मी पाठवलेला शिरोलीचा फोटो २०१९ चा आहे. काल महामार्ग चालू होता. मी खात्री न करता पाठवला. तुम्ही पुढं पाठवला असेल तर त्या ठिकाणी हेही पाठवा.” एवढं टाइप करायला मला पाऊण तास लागला. तीनदा खोडलं. ‘गडबडीत’, ‘सद्हेतूनं’ असले शब्द आपोआप येत होते, ते काढले.

त्या पाऊण तासात मला कळलं की आपण पोरांना जे शिकवत नाही ते हेच आहे. खोटं ओळखायच्या युक्त्या शंभर मिळतात, त्या पोरं आपल्याआधी शिकतात. ‘मी पाठवलं ते खोटं होतं’ हे चारचौघांत म्हणायला मात्र कुणी शिकवत नाही. माझ्या तासाची सगळी बांधणी मी तिथून केली.

फळ्यावर दोन मेसेज

पहिल्या तासाला फळ्याचे दोन भाग करा. डावीकडं लिहा: “सावधान!!! राधानगरीचे दरवाजे उघडले!!! कोल्हापूरकरांनो रात्रभर जागे राहा. सगळ्यांना पाठवा.” उजवीकडं: “राजाराम बंधारा, सकाळी ८ वा., ३८ फूट ४ इंच. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष.” मग विचारा, यातला कुठला मेसेज वाचून तुम्ही झोपलेल्या आज्जीला उठवाल?

निम्म्याहून जास्त हात डावीकडच्या मेसेजला वर होतात. का, तर “त्यात लई टेन्शन हाय बाई.” उत्तर बरोबर आहे. टेन्शन द्यायलाच तो लिहिलेला असतो. आता तीन प्रश्न फळ्याच्या मध्ये लिहा: कुठलं? कधीचं? कुणी मोजलं? उजवीकडच्या ओळीत तिन्ही उत्तरं आहेत. डावीकडं गावाचं नाव सोडलं तर काहीच नाही.

इथंच थांबू नका, खरी गंमत पुढं आहे. डावीकडचा मेसेज खोटा आहे का? तर नाही. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण काठोकाठ भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, पाणी उतरलं की आपोआप मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी भोगावतीत आणि पुढं पंचगंगेत येतं. म्हणजे दरवाजे उघडले ही बातमी खरी, पण त्याचा अर्थ धरणानं ठरल्याप्रमाणं काम केलं एवढाच. शाहू महाराजांनी पाया घातलेलं धरण आपलं काम चोख करतंय आणि आपण त्याच्या नावानं गाव जागं ठेवतोय. म्हणून वर्गात ‘खरं’ आणि ‘खोटं’ असे दोनच रकाने ठेवू नका, ‘खरं, पण अर्धं’ असा तिसरा करा. माझा अनुभव असा की पोरं घरून जे मेसेज लिहून आणतात त्यातले सगळ्यात जास्त या तिसऱ्या रकान्यात पडतात.

परिपाठातही एक बारीक बदल करून घ्या. बातम्या वाचणारा मुलगा शेवटी ‘ही बातमी अमुक पेपरात, अमुक तारखेला’ एवढं सांगेल. आमच्याकडं पहिले आठ दिवस हशा झाला, नंतर सवय लागली. सुविचार तसाच ठेवला. त्यानं नुकसान काही होत नाही.

मोबाइलशिवाय मोबाइल शिकवणं

शाळेत मोबाइलला बंदी आहे आणि ती असावी असं माझं मत आहे. त्यामुळं सराव कागदावर. आठवड्याला एक फोटो निवडते, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात काळ्यापांढऱ्या बारा प्रती काढते, चार-चार मुलांत एक. काम एकच: हा फोटो कुठला आणि कधीचा असेल ते सांगणाऱ्या प्रत्येक गोष्टीभोवती पेन्सिलनं गोल काढा. दुकानाच्या पाट्या, गाडीचे नंबर, माणसांचे कपडे, झाडं, विजेचे खांब, सावल्या. फोटोखाली काय लिहून आलंय ते कागदाच्या मागच्या बाजूला असतं आणि शेवटची पाच मिनिटं होईपर्यंत कागद उलटायचा नाही.

एकदा ‘पंचगंगेचं रौद्र रूप’ म्हणून फिरलेला फोटो दिला होता. पुरात अडकलेली गाडी, मागं घरं. सात-आठ मिनिटं नुसती कुजबुज. मग मागच्या बाकावरून, जो पोरगा एरवी तासभर खिडकीबाहेर बघतो, तो ओरडला, “बाई, ही केएल गाडी हाय! केरळची!” त्याचे वडील ट्रकवर आहेत, त्याला सगळ्या राज्यांच्या पासिंगची अक्षरं पाठ. लगेच दुसऱ्या गटाला नारळीची झाडं दिसली, तिसऱ्याला उतरत्या छपरांची घरं. फोटो केरळातल्या २०१८ च्या पुरातला निघाला. त्या पोराला त्या दिवसापासून वर्गात ‘आरटीओ’ म्हणतात आणि त्याला ते आवडतं. ज्याला पुस्तकातलं काही येत नाही त्याला इथं काहीतरी येतं, हा या सरावाचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. त्यासाठी गट पाडताना हुशार पोरं एकत्र बसू देऊ नका.

गोल काढून झाले की शिक्षकाच्या मोबाइलवर गूगल लेन्सनं तपासून दाखवा. फोटो उघडा, लेन्सचं चिन्ह दाबा, जिथं जिथं तो आधी आलाय ती पानं दिसतील. त्यातलं सगळ्यात जुनं शोधा. फोटो ‘कालचा’ म्हणून आला असेल आणि पाच वर्षांपूर्वीच्या बातमीत सापडला, तर विषय संपला. पण दोन गोष्टी सांगायला विसरू नका. एक, लेन्सला काही सापडलं नाही म्हणजे फोटो खरा असं नाही. दुसरं, आता यंत्रानं बनवलेल्या चित्रांना सापडण्यासारखं जुनं पान नसतंच. ‘हाताची बोटं मोजा’ हा उपाय वर्ष-दोन वर्षं चालला, आता बोटंही नीट येतात. आवाजही हुबेहूब करता येतो. तिथं डोळे उपयोगी पडत नाहीत, ‘कुणी मोजलं?’ हाच प्रश्न उपयोगी पडतो. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहायचं आणि पाठवायचं नाही.

शंभर सेकंद

६ मे २०२२ ला शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता सगळं कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं होतं. बस थांबल्या, बाजार थांबला, माणसं होती तिथं उभी राहिली. मला ती कल्पना वर्गासाठी फार उपयोगी पडली. नियम सोपा: मेसेज वाचून राग आला, भीती वाटली किंवा कुणाचं तरी हसू झालं, तर बोट लावायच्या आधी शंभर सेकंद. पोरांना नुसतं सांगू नका, करून बघायला लावा. घड्याळ लावून सगळ्यांना शांत बसवा. चाळीसच्या आसपास कुणीतरी फिस्कन हसतं, साठला चुळबूळ, ऐंशीला एकजण विचारतो “झाली का?” शंभर सेकंद किती लांब असतात हे कळलं की मग विचारा, एवढ्या वेळात पुढं पाठवायचं राहिलंच तर काय बिघडतं?

नववी-दहावीला मी याच्या जोडीला राईनपाड्याची गोष्ट सांगते. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आपल्या फोनवर दिसणारा ‘फॉरवर्डेड’ हा बारीक शब्दही त्याच दिवसांतला. आठवीला ही गोष्ट सांगू नये असं मला वाटतं. एकदा सांगितली होती, एक मुलगी दोन रात्री झोपली नव्हती.

आपल्या शहरातलं उदाहरण लांबचं नाही. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून इथं दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. हा विषय काढायचा असेल तर एक पथ्य पाळा: स्टेटस कुणाचं, बरोबर का चूक, यावर वर्गात वाद होऊ देऊ नका. वर्गात सगळ्या घरांतली पोरं बसलेली असतात. मी एवढंच विचारलं, “त्या दिवशी तुमच्या घरात कुणाला कुणाची काळजी वाटली?” कुणाचा भाऊ दुकानात अडकला होता, कुणाची आई दवाखान्यात कामाला होती. वीस मिनिटं नुसती ऐकत राहिले. फळ्यावर काही लिहिलं नाही.

स्टिकरचं प्रकरण

स्टाफरूमच्या भिंतीवर आमच्याकडं दहा मूल्यांचा जुना तक्ता आहे: वक्तशीरपणा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता वगैरे. तक्ता वाचून माणूस सौजन्यशील होत असता तर महाद्वार रोडवर हॉर्न वाजला नसता. चारित्र्याची परीक्षा रात्री अकरा वाजता वर्गाच्या ग्रुपवर होते आणि तिथं आपण नसतो.

फुटबॉलचा सीझन होता. पाटाकडील आणि शिवाजी या इथल्या दोन संघांची मॅच झाली की आमच्या वर्गातही दोन पेठा पडतात. हरलेल्या बाजूच्या एका मुलाचा डबा खाताना तोंड वासलेला फोटो कुणीतरी काढला आणि त्याचं स्टिकर केलं. रात्रभरात ते साठ-सत्तर वेळा फिरलं. मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. घरी पोट दुखतंय म्हणून सांगितलं होतं.

पहिल्यांदा मी जे केलं ते करू नका. ज्यानं स्टिकर केलं त्याला सगळ्यांसमोर उभं करून माफी मागायला लावली. तो पुटपुटला, वर्ग गालात हसला आणि दुपारपर्यंत त्या माफीचंही स्टिकर झालं. जबरदस्तीच्या माफीनं दोघांची अब्रू जाते, बाकी काही होत नाही.

मग उलट्या क्रमानं गेले. आधी ज्याचा फोटो होता त्याला एकट्याला भेटले, मधल्या सुट्टीत ग्रंथालयात. “काय व्हायला पाहिजे म्हणजे तुला बरं वाटेल?” एवढाच प्रश्न. मला वाटलं शिक्षा मागेल. तो म्हणाला, “स्टिकर सगळ्यांच्या मोबाइलमधनं जाऊ दे आन् वर्गात परत माझं नाव घेऊ नका बाई.” मग वर्गात त्याचं नाव न घेता प्रत्येकाला चिठ्ठी दिली. नाव लिहायचं नाही, एवढंच लिहायचं: या महिन्यात कुणाची तरी टर उडवणाऱ्या पोस्टवर मी हसणारी बाहुली टाकली का, आणि टाकताना त्याला कसं वाटेल हे मनात आलं का? एक्केचाळीस चिठ्ठ्यांत तेहतीस ‘हो, टाकली’. एका मुलीनं लिहिलं होतं, “मी बघितलोच नाही काय हाय ते, सगळे हसले म्हणून टाकलो.” (आमच्याकडं मुलीही ‘आलो-गेलो’च बोलतात, व्याकरण तपासू नका.) चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या. वाचताना कुणी हसलं नाही. स्टिकर करणारा एक होता, पण असल्या पोस्टवर हसणारे तेहतीस होते हे वर्गाला आकड्यांत दिसलं. ज्यानं केलं होतं तो तिसऱ्या दिवशी आपणहून त्याच्या घरी गेला. काय बोलले मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

इथं एक लक्ष्मणरेषा आहे. फोटो खासगी, अंगावर कपडे नसलेला वगैरे असेल तर वरचं काहीही करायचं नाही. चिठ्ठ्या नाहीत, समजुती नाहीत. पुरावा म्हणूनही तो फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागवून घेऊ नका. अल्पवयीन मुलांचे असे अश्लील फोटो जवळ ठेवणं आणि पुढं पाठवणं हाच गुन्हा आहे, शिक्षकालाही. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी लेखी कळवा. मुलांबाबत लैंगिक गुन्हा घडल्याचं कळल्यावर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. ‘शाळेचं नाव खराब होईल, आतल्या आत मिटवू’ हे ऐकून घेऊ नका. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, सायबर गुन्ह्यासाठी १९३०, आणि मूल फार खचलेलं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६. हे तीन आकडे आमच्या वर्गात दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेत, म्हणजे कोण बघतंय हे बाहेरून दिसत नाही.

घरचा अभ्यास, पालकांचाही

तीन दिवसांची वही सांगा. डावीकडं, आज मोबाइलवर काय बघून बरं वाटलं. उजवीकडं, काय बघून स्वतःबद्दल वाईट वाटलं. वही तपासायची नाही, हे आधी कबूल करा आणि पाळा. चौथ्या दिवशी ज्याला वाटेल त्यानं एक ओळ वाचायची. गोरं करणारे फिल्टर, दुसऱ्याची नवी बाइक, मैत्रिणींनी आपल्याला वगळून काढलेला रंकाळ्यावरचा सेल्फी, असल्या गोष्टी येतात. त्यावर उपदेश नको. “असं मलाही होतं” एवढं म्हटलं तरी तास चालतो. आणि मला होतंच.

पहिल्या तासाला पेंगणाऱ्या पोरांची यादी महिनाभर ठेवा. ओरडायला नको, पालकसभेला लागते. त्या सभेत मी शाहू महाराजांच्या १९१७ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या हुकुमाची आठवण काढते. मुलाला शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. दंड पालकाला, पोराला नाही. मग मी मागणी करते ती एकच: रात्री दहानंतर घरातले सगळे मोबाइल फ्रिजवर, बाबांचाही. ‘बाबांचाही’ म्हटल्यावर सभेत मागच्या रांगेत हालचाल होते. पंधरा घरांत जमलं तरी मी खूश असते.

आणि पोरांना घरच्या मोठ्यांशी कसं बोलायचं ते शिकवून ठेवा, नाहीतर तुमच्या तासाची शिक्षा त्यांना जेवणाच्या ताटावर मिळते. “आबा, हे खोटं आहे” म्हटलं की आबा म्हणणार, “लई शिकलास व्हय रं?” त्यापेक्षा “आबा, हे कुठनं आलं तुम्हाला? मला बाईंना दाखवायचंय.” आबा चष्मा काढून स्वतःच वर-खाली बघायला लागतात. एका पोराच्या आज्जीनं मधुमेहावरचा काढा ग्रुपवरून उचलला होता आणि गोळी सोडली होती. त्यानं वाद घातला नाही, तो मेसेज घेऊन आज्जीबरोबर तिच्याच डॉक्टरांकडं गेला. आज्जीनं गोळी परत सुरू केली, काढाही चालू आहे.

पेठ नाक्यावर थांबलेल्या त्या पालकांची मुलगी आता कॉलेजला गेली. त्यांचा टेम्पो अजून पुण्याला जातो-येतो. पाऊस वाढला की पहाटे मला त्यांचा मेसेज येतो. या वर्षीचा पहिला असा होता: “राजाराम बंधारा, सकाळी ६, ३१ फूट. स्वतः बघून आलोय बाई, आता पाठवा.”